उंदराने दारू का टाळली?

पिंजऱ्याला दोन बाटल्या टांगलेल्या असतात; एकीत साधे पाणी, दुसरीत मद्यार्क मिसळलेले पाणी. कोणत्या बाटलीतले किती संपले हे रोज मोजले की पांढऱ्या उंदराची दारूची आवड आकड्यांत मांडता येते. सर्वसाधारण उंदराला ती फारशी नसते. फिनलंडमधील संशोधकांनी तर पिढ्यान्‌पिढ्या निवड करून दारू पिणाऱ्या उंदरांचा स्वतंत्र वाणच तयार केला. (माणसाच्या बाबतीत एवढे कष्ट घ्यावे लागले नसते!) उंदरांना लिथियम दिले असता त्यांचे मद्यपान घटते, असे १९७० नंतरच्या दशकातील प्रयोगांत आढळले आणि उन्माद व विषण्णता यांच्या आवर्तनांवरील हे औषध मद्यपाशही सोडवील, अशी आशा निर्माण झाली.

परंतु उंदराने दारू टाळली ती का, हा प्रश्न आधी विचारावयास हवा होता. उंदरांना मळमळ व्हावी म्हणून प्रयोगशाळांतून जे द्रव्य सर्रास वापरले जाते, ते लिथियमचाच एक क्षार होय. उंदराला ओकता येत नाही. ज्या चवीनंतर पोटात ढवळले ती चव तो पक्की लक्षात ठेवतो आणि पुन्हा तिच्या वाटेस जात नाही. तेव्हा लिथियमने दारूची ओढ शमली, की उंदीर केवळ आजारी पडला? तापाने फणफणलेल्या माणसाने ताट दूर सारले, म्हणून त्याने भुकेवर विजय मिळविला असे कोणी म्हणत नाही.

लिथियमच्या इतिहासात असा चकवा पूर्वीही होता. ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी लिथियमचे क्षार टोचलेले गिनीपिग शांत पडून राहिलेले पाहिले आणि १९४९ मध्ये उन्मादाच्या रुग्णांवरील आपले अनुभव प्रसिद्ध केले. ते प्राणी शांत नव्हते, विषबाधेने मलूल झाले असावेत, असे पुढे अनेक अभ्यासकांनी म्हटले. अनुमान चुकले, औषध मात्र खरे ठरले. आजही त्या मनोविकारावर त्याचे मोल मोठे आहे.

दारूच्या बाबतीत दैवाने अशी साथ दिली नाही. १९७४ आणि १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लहान चाचण्या आशादायक वाटल्या. पण त्यांतील अनेक रुग्ण मध्येच गळाले होते. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ४५७ मद्यासक्त पुरुषांवर मोठी चाचणी झाली. काहींना लिथियम, काहींना तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी देण्यात आली. १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: रुग्ण विषण्ण असो वा नसो, लिथियमचा दारूवर परिणाम दिसला नाही.

उंदीर खोटे बोलला नव्हता. त्याला विचारलेला प्रश्नच निराळा होता. मधली सुमारे पंधरा वर्षे मात्र अशा बातम्यांवर कित्येक घरांनी आशा बांधली असेल. ‘नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती आपल्याकडे आजही दिसतात आणि गांजलेली गृहिणी नवऱ्याच्या चहात अनोळखी पूड कालवते. लिथियमचे उपचारासाठीचे रक्तातील प्रमाण साधारणतः लिटरमागे ०.६ ते १.२ मिलिमोल, दीडच्या पुढे हात थरथरणे, तोल जाणे, गुंगी येणे, अशी विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. म्हणूनच ते घेणाऱ्याचे रक्त वरचेवर तपासावे लागते, आणि ज्याला आपण औषध घेत आहोत हेच ठाऊक नाही त्याचे रक्त कोण तपासणार?