६५ मॅचेस जिंकून नापास

शनिवार, पोहे खाऊन झालेत, तेव्हा एक जुनी ठसठस बाहेर काढतो.

२०२२-२३ मध्ये मी बॉस्टनला ऑनसाइट होतो. तोवर हॉकी म्हणजे आपल्या खडकीचा धनराज पिल्ले, एवढंच माझं ज्ञान. ऑफिसातल्यांच्या नादाने बर्फावरची हॉकी बघायला लागलो आणि नेमका बॉस्टन ब्रुइन्सचा तो सीझन मिळाला! ८२ मॅचेसपैकी ६५ जिंकल्या, १३५ पॉइंट्स. एनएचएलच्या इतिहासात दोन्ही विक्रम. तेही मार्शंड आणि मॅकअव्हॉय ऑपरेशनमुळे सुरुवातीला बाहेर असताना. पास्टरनाकने ६१ गोल ठोकले. उलमार्क आणि स्वेमन हे दोन गोली मॅचेस वाटून घ्यायचे, आणि जिंकलं की एकमेकांना कडकडून मिठी. ती बघायला मी रात्री जागायचो.

मग प्लेऑफ. समोर फ्लोरिडा पँथर्स, ९२ पॉइंट्स घेऊन कशीबशी आत शिरलेली. बेस्ट ऑफ सेव्हनमध्ये आपण ३-१ पुढे (हो, तोवर 'आपण' झालं होतं). पुढच्या तिन्ही हरलो. ३० एप्रिल २०२३, सातवी मॅच, घरच्या मैदानावर ३-२ आघाडी, शेवटचं एक मिनिट... बरोबरी. ओव्हरटाइममध्ये व्हर्हेगीचा गोल. खलास.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात एकच सूर - सगळा सीझन पाण्यात. मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही नाही. लीगमध्ये पहिलं येणाऱ्याला प्रेसिडेंट्स ट्रॉफी असते, पण ती कुणी मिरवत नाही. का? सहा महिने, प्रवास, दुखापती, लागोपाठच्या रात्री मॅचेस, एवढं सगळं झेलून टीम कशी आहे ते तिथेच कळतं ना? इथे एकेका गोलावर मॅच फिरते. सात मॅचेसमध्ये काहीही होऊ शकतं. १९ नोव्हेंबर २०२३ ला, सलग दहा जिंकून अहमदाबादला फायनल हरल्यावर, आपणही हेच म्हणत होतो की!

माझ्या जुन्या कंपनीत मी अकरा महिने रात्री-बेरात्री उठून सर्व्हर उभे ठेवले. बाराव्या महिन्यात एक रिलीज आपटली. अप्रेझलला चर्चा फक्त त्या रिलीजची. तर माझा राग कुठून येतो ते कळलं असेल :)

असो. फ्लोरिडाही काही फालतू नव्हती, २०२४ आणि २०२५ चा कप त्यांनीच नेला. आणि ब्रुइन्सचं चुकलंच नाही असंही नाही. वर्षभर दोन गोलींवर चाललेली टीम, आणि प्लेऑफच्या पहिल्या सहाही मॅचेसना उलमार्कच उभा. सहाव्यात सात गोल खाल्ल्यावर सातव्याला एकदम स्वेमन! चालता कोड रिलीजच्या आदल्या रात्री कोण बदलतं? दुनियेने त्यांच्या ८२ मॅचेसवर विश्वास ठेवला नाही हे ठीक, पण ऐन वेळी त्यांनी स्वतःही ठेवला नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

गंमत म्हणजे, २०२२ मध्ये ब्रुइन्सने काढून टाकलेला कोच कॅसिडी वेगासला गेला आणि जून २०२३ मध्ये याच फ्लोरिडाला हरवून कप घेऊन बसला.

कॅप्टन बर्जेरॉन त्या उन्हाळ्यात निवृत्त झाला. एकोणीस सीझन, सगळे बॉस्टनलाच. पाठीची चकती सरकलेली असताना तो शेवटच्या तीन मॅचेस खेळला. त्या रात्री हरल्यावर एकेका खेळाडूला मिठी मारत होता, आणि मी टीव्ही बंद करायचा विसरलो होतो.