थकलेली पोटगी महिनाअखेरीस भरा, नाहीतर दरखास्तीला तोंड द्या

मुलाच्या पोटगीचा आदेश झाला आहे, आदेशाची प्रत घरात पडून आहे आणि तरीही पैसे भरलेले नाहीत, अशा पालकांसाठी हा इशारा आहे. आमच्याकडे येणाऱ्या प्रकरणांत थकवणारा बहुतेक वेळा बाप असतो, म्हणून बापाला उद्देशून लिहिते आहे. पण आई कमावती असेल आणि मूल बापाकडे राहत असेल, तर तिचीही सुटका नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, 1956 च्या कलम 20 ने आईवडील दोघांनाही मुलांच्या पालनपोषणाला बांधलं आहे.

कुटुंब न्यायालयात तारखेला उभे राहिलात की तुमची दोन वाक्यं ठरलेली असतात. एक, ‘ती नोकरी करते, तिला कशाला पैसे?’ दुसरं, ‘मुलाला भेटू देत नाही, मग मी का द्यायचे?’ पोटगी मुलाची आहे, बायकोची नाही. तिच्या पगाराचा विचार न्यायाधीशांनी रक्कम ठरवतानाच केलेला असतो. आणि भेटीचा आदेश पाळला जात नसेल, तर त्यासाठी वेगळा अर्ज करा, तो तुमचा हक्कच आहे. पण भेट झाली नाही म्हणून पोटगी अडवता येत नाही. गेल्या जूनमध्ये एक आई आमच्याकडे शाळेचं पत्र घेऊन आली. फी थकल्यामुळे मुलीला नव्या वर्गाची पुस्तकं मिळाली नव्हती, आणि पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्या मुलीने मैत्रिणीच्या पुस्तकातला पहिला धडा पेन्सिलीने उतरवून घेतला होता. आईबापांच्या भांडणाशी त्या पोरीचा काय संबंध?

आता कायदा काय करू शकतो ते नीट वाचा.

फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्ये आलं आहे, 1 जुलै 2024 पासून. त्याखालचा आदेश मोडला तर न्यायालय दंड वसूल करतात त्या रीतीने वॉरंट काढतं. त्यातूनही वसुली झाली नाही, तर न भरलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. पुष्कळ जण इथे एक चुकीचा हिशेब करतात: आत जाऊन येऊ, म्हणजे हिशेब मिटला. मिटत नाही. तुरुंग हा वसुलीसाठी आणलेला दाब आहे, रक्कम फिटल्याची पावती नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच सांगून ठेवलं आहे. बाहेर आलात की थकबाकी जशीच्या तशी उभी असते.

‘रजनेश विरुद्ध नेहा’ हा निकाल तर आपल्या नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघालेल्या प्रकरणातला आहे. 4 नोव्हेंबर 2020 च्या या निकालाने दोन गोष्टी पक्क्या केल्या. पोटगी आदेशाच्या नव्हे, अर्जाच्या तारखेपासून द्यायची. म्हणजे तुम्ही तारखा वाढवून 26 महिने काढले आणि महिना 8,000 रुपयांचा आदेश झाला, तर पहिल्याच दिवशी डोक्यावर 2,08,000 रुपये बसतात. तारखा मागून वाचतं काहीच नाही. दुसरी गोष्ट शपथपत्राची. दोघांनीही आपलं उत्पन्न, खाती, गुंतवणूक, कर्जं, मालमत्ता शपथेवर उघड करायची.

या शपथपत्रांत काय काय लिहिलेलं असतं, ते आम्ही रोज पाहतो. मासिक उत्पन्न 12,000 रुपये, आणि सोबत जोडलेल्या बँकेच्या उताऱ्यात दर महिन्याच्या 5 तारखेला चारचाकीचा हप्ता 14,200. नोकरी सुटली म्हणून राजीनाम्याची प्रत, आणि नवं दुकान भावाच्या नावावर. हे पकडायला हुशारी लागत नाही, उतारा वाचावा लागतो. शपथेवर खोटं सांगणं हा खोट्या पुराव्याचा गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मुलाला 8,000 द्यायचे नाहीत म्हणून हा धोका पत्करणारे सुशिक्षित, चांगल्या हुद्द्यावरचे लोक पाहिले की राग येतो.

राजीनामा देऊनही सुटका नाही. धडधाकट माणसाने अंगमेहनत करूनसुद्धा बायकोमुलांना पोसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटलं आहे. धंदा बुडाला, बँकेचं कर्ज आहे, ही सबबही पुरत नाही: डिसेंबर 2024 च्या निकालाने पोटगीच्या थकबाकीचा हक्क बँका आणि इतर धनकोंच्याही आधी ठेवला. नोकरदारांनी आणखी एक ऐकून ठेवावं. साध्या कर्जाच्या दरखास्तीत पगाराचा मोठा भाग सुरक्षित राहतो, पोटगीच्या दरखास्तीत मात्र एक तृतीयांशच राहतो. उरलेल्या दोन तृतीयांश पगारावर जप्ती येऊ शकते, आणि ते पत्र तुमच्या कार्यालयाच्या लेखा विभागात जातं. मग कोणाकोणाला कळतं, ते तुम्हीच समजा.

खरोखर नोकरी गेली असेल, आजारपण आलं असेल, तर कायद्यात वाट आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 146 खाली रक्कम कमी करण्याचा अर्ज करा, कागद जोडा. तोपर्यंत जुना आदेश चालू असतो, तो तुमच्या मनाने अर्धा होत नाही. पैसे भरायचे ते बँकेतून किंवा न्यायालयात. मुलाच्या हातात दिलेले पाचशे, वाढदिवसाची सायकल, आजीकडे ठेवलेली पाकिटं, यांतलं काहीच पोटगीत धरलं जात नाही.

मूल सांभाळणाऱ्या आयांनाही दोन गोष्टी बजावून सांगते. वॉरंटने वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. ‘आज देईल, उद्या देईल’ करत बसलात तर हा जलद मार्ग जुन्या महिन्यांसाठी बंद होतो, आणि दिवाणी मार्गाची लांबट वाट उरते. आणि घटस्फोट लवकर मिळावा म्हणून मुलाची पोटगी सोडल्याची सही करू नका. तो हक्क मुलाचा आहे, तो सोडायचा अधिकार तुम्हाला नाही.

थकबाकीदार पालकांनो, तुमची बाजू ऐकून झाली, तारखाही भरपूर मिळाल्या. या महिन्याच्या अखेरीपर्यंत पूर्ण रक्कम भरा आणि पावतीसह पुरशिस, म्हणजे लेखी निवेदन, दाखल करा. एकरकमी जमत नसेल तर तसं न्यायालयाला लेखी सांगून हप्ते बांधून घ्या, आम्ही हरकत घेणार नाही. त्यानंतर आमच्याकडच्या प्रत्येक थकीत प्रकरणात वॉरंटचा अर्ज आणि पगारजप्तीची दरखास्त एकाच दिवशी दाखल होईल, आणि वेगळी नोटीस कोणालाही पाठवली जाणार नाही.