पी हळद? छे, खा हळद!

लाटेमध्ये हळद, फेसपॅकमध्ये हळद, कॅप्सूलमध्येही हळद. आणि ताटात? चिमूटभर! बॉस, हे जरा अतीच झालं.

१९९५ मध्ये जखम भरण्याच्या हळदीच्या गुणावर अमेरिकेत पेटंट दिलं गेलं, तेव्हा डॉ. माशेलकरांच्या सीएसआयआरने लढून १९९७ मध्ये ते रद्द करवलं. कॉलर ताठ! पण त्याच हळदीची भाजी होते, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

मला ते कळलं सिद्धेश्वरला. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवरचं हे धरण. याचं कालव्याचं पाणी वसमतच्या पट्ट्यात जातं आणि तिथल्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकनही मिळालंय. मित्राच्या गावी गेलो होतो, काढणी सुरू होती. खणून काढलेले गड्डे थेट कुकरमध्ये वाफवायचे, दोनेक आठवडे उन्हात वाळवायचे, मग ड्रममध्ये घोळून पॉलिश. पाच किलो ओल्या हळदीची जेमतेम किलोभर हळकुंडं! ऐन काढणीत अवकाळी पाऊस आला, तर आठ-नऊ महिन्यांच्या मेहनतीचा रंगच उतरतो. त्यामुळे सगळ्यांची घाई हळद वाळवण्याची. ओली कोण खातंय?

मित्राची आई खाते. म्हणजे, खायला घालते! "पोरा, किसून तुपात चांगली परत, कच्चा वास गेला पाहिजे," मावशींनी मला बजावलं. मग कांदा, मटार, शेवटी घोटलेलं दही. सोबत ज्वारीची भाकरी. चव? थोडी कडसर, थोडी मातकट, आल्याच्या चुलत बहिणीसारखी. (मूळची ही राजस्थानी थाळीतली, पण मावशींसमोर तसं बोलायची माझी हिंमत नाही.)

बॅचलर मंडळींसाठी लोणचं बेस्ट. ओली हळद, आलं, हिरवी मिरची यांच्या बारीक काड्या, मीठ आणि काड्या बुडतील इतका लिंबाचा रस. तीन-चार दिवसांत तयार, बरणी फ्रिजमध्ये.

कोकण-गोव्यात तर हळदीच्या पानालाही मान. त्यात तांदळाची उकड आणि गूळ-खोबरं भरून पातोळ्या वाफवतात. हिंगोलीकडे तोच पाला कापून बांधावर!

ओली हळद साधारण जानेवारी ते मार्च मिळते. कडक, मोडताच गर्द केशरी दिसणारीच घ्या. आणि सोलताना हातमोजे मस्ट, नाहीतर सोमवारी अख्खं ऑफिस विचारेल, "काय रे, गुपचूप लग्न उरकलंस?"