एआय येतं म्हणजे काय येतं?



मध्यंतरी माझी गाडी सुरू व्हायला कुरकुर करू लागली. मी फोनमधल्या एआयला विचारलं. 'अल्टरनेटर गेला असावा,' असं सविस्तर उत्तर आलं. ते घेऊन सलमाबादच्या एका गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्रीनं ते वाचलं, मीटर लावला आणि बॅटरीच्या टर्मिनलवरचा गंज घासून काढला. गाडी सुरू! म्हणाला, "सर, मीपण विचारतो त्याला. पण मग मीटर लावतो." डॉक्टरेट माझ्याकडे, शहाणपण त्याच्याकडे!

जन्मभर परीक्षा घेतल्या, म्हणून प्रश्न पडला: एआयची समज मोजायची कशी? भारताच्या जनगणनेत साक्षर कोण? सात वर्षं किंवा त्याहून मोठी, कोणत्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येणारी व्यक्ती. यातला 'समजून' हा शब्द महत्त्वाचा. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत २००५पासून कार्यकर्ते घरोघरी जातात आणि मुलाला प्रत्यक्ष वाचायला देतात. 'वाचता येतं का?' एवढंच विचारलं, तर सगळेच 'हो' म्हणतील.

एआयचंही तसंच आहे. रोज वापरतो म्हणजे कळतं, असं नव्हे. टली, लोंगोनी आणि अ‍ॅपेल या संशोधकांचा २०२५ सालचा अभ्यास तर सांगतो की, ज्यांना एआयची माहिती कमी, तेच ते वापरायला जास्त उत्सुक असतात. कारण त्यांना ती जादू वाटते. प्रत्यक्षात ते यंत्र असंख्य मजकुरांवरून पुढचा संभाव्य शब्द जुळवत जातं. म्हणून चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे देतं. गाडीचं एक वेळ ठीक. पण रक्तदाबाची गोळी अर्धी करावी का, हे त्यालाच विचारून मोकळं झालात तर?

तेव्हा या दिवाळीत फराळ करता करता घरीच परीक्षा घ्या. आजीनं आपल्या चकलीच्या भाजणीबद्दल विचारावं, नातवानं आपल्या शाळेबद्दल. ज्याला जे पक्कं ठाऊक, तेच त्यानं विचारायचं आणि चुका मोजायच्या. नातवाला बटणं कळतात, आजीला भाजणी. दोघं मिळून उत्तम परीक्षक होतात. मग स्वतःला तीन प्रश्न विचारा. हे उत्तर कुठून आलं? ते मी कशानं तपासलं? चुकलं तर भुर्दंड कोणाला?

तिन्हींची उत्तरं देता आली, तर तुम्ही पास. मी सलमाबादला नापास झालो होतो; आता पुन्हा बसतोय.