मर्सिडीजवाल्यांच्या गावातली पिवळी बस

आमच्या छत्रपती संभाजीनगरला घाऊक गाड्या घ्यायचा भारी शौक. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या धनिकांनी एका फटक्यात १५० मर्सिडीज उचलल्या. बिल ६५ कोटींचं, आणि बँकेचं कर्ज सात टक्क्यांनी. पुढे विजेच्या कारचीही अशीच सामुदायिक खरेदी झाली. फोटो निघाले, कौतुकं झाली.

आणि याच शहरातल्या चिकलठाण्यातली पोरं? सकाळी जालना रोडला केंब्रिज चौकात उभं राहून बघा. एमआयडीसीचे ट्रक, कामगारांच्या गाड्या आणि त्यांच्या कोंडीत अडकलेली डिझेलची पिवळी बस. शाळेच्या फाटकाशी तर इंजिन चालू ठेवूनच उभं राहायची रीत. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१२ मध्येच सांगितलं. त्याआधी, २००१ मध्ये, अमेरिकेतल्या एका पाहणीत दिसलं की डिझेल स्कूलबसमध्ये बसलेल्या मुलाच्या वाट्याला पुढच्या कारमधल्या माणसापेक्षा चौपटीपर्यंत धूर येऊ शकतो. आमच्या पालकसभेत मात्र भांडण होतं ते बसची फी वाढली म्हणून!

सरकारचं काय? केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत १४,०२८ ई-बससाठी ४,३९१ कोटी आहेत, पण ते सार्वजनिक परिवहन संस्थांना. शाळेची बस बसली बाहेर. अमेरिकेनं २०२१ च्या कायद्यात निव्वळ स्कूलबससाठी पाच अब्ज डॉलर ठेवले होते.

इलेक्ट्रिक बस महाग, असं म्हणाल. आहेच. पण विजेवर चालवायला स्कूलबसहून सोयीचं वाहन सापडायचं नाही. मार्ग ठरलेला, पल्ला तोकडा, रात्रभर उभी, मे महिन्यात तर सुट्टीच. अडतं ते सुरुवातीच्या रकमेपाशी. एक-दोन गाड्या हप्त्यावर चालवणाऱ्या बसवाल्या काकांना बँक स्वस्तात कर्ज देईल कशाला? शेठलोक एकत्र गेले की मात्र हीच बँक व्याज उतरवते. मग जा ना पुन्हा, या वेळी काकांना सोबत घेऊन, पन्नास स्कूलबससाठी! शेजारच्या बिडकीनला टोयोटा आणि एथरचे कारखाने येणार म्हणून छाती फुगवणाऱ्यांना एवढं जड जाऊ नये.

तोवर सीएनजी चालेल. तेही नको असेल तर एक फुकटातलं काम आहे: फाटकाशी इंजिन बंद. शाळेच्या परिवहन समितीचे अध्यक्ष मुख्याध्यापकच असतात. उद्या सकाळी शिट्टी घेऊन त्यांनी फाटकात उभं राहावं.