गीताचा धनी कोण?

आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून गीतरचनेचा छंद आजकालचा नाहीं. भाचीच्या लग्नांत मामांनीं मंगलाष्टकें करावीं, डोहाळजेवणास काकूंनीं नवें पद बांधावें, हें आम्ही लहानपणापासून पाहत आलों आहों. तीं गाणीं त्या दिवसापुरतीं जन्मास येत व मांडव उतरला कीं विस्मृतींत जात. त्यांचा धनी कोण, हा प्रश्न कोणाच्या स्वप्नांतही येत नसे. आतां तेंच पद मोबाइलवर मुद्रित होऊन वऱ्हाड घरीं परतण्यापूर्वीं परदेशच्या आप्तांपर्यंत पोंचतें, आणि एखाद्या उपटसुंभाच्या हातीं लागून त्याच्या नांवानेंही फिरूं लागतें. एका वाचकभगिनीनीं आम्हांस विचारिलें आहे कीं, त्यांनीं रचलेली व स्वतःच चाल लाविलेली अंगाई एक ध्वनिमुद्रण-व्यावसायिक मागत आहे, चार पानी करारही आला आहे. तर सहीपूर्वीं गाण्याची सरकारदरबारीं नोंदणी करावी काय? प्रश्न एकीचा असला तरी उत्तर अनेकींच्या उपयोगीं पडेल, म्हणून तें येथेंच देतों.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्वामित्वहक्क, ज्यास व्यवहारांत कॉपीराइट म्हणतात, तो नोंदणीनें उत्पन्न होत नाहीं. रचना स्वतःची असून ती कागदावर अथवा ध्वनिमुद्रणांत उतरली कीं हक्क जन्मास आलाच. १९५७ च्या कायद्याचें हेंच धोरण आहे, व नोंदणीवांचूनही दावा चालतो असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयानें २०२१ सालीं दिला आहे. मग नोंदणीचा उपयोग काय? पुराव्याचा. नोंदवहींतील मजकूर न्यायालयांत प्रथमदर्शनीं खरा मानला जातो, व तो खोटा ठरविण्याचा भार प्रतिपक्षावर पडतो. आपल्या संतांनीं अभंगाच्या अखेरीस नांव गुंफून ठेविलें, सदारंगानें ख्यालाच्या चिजांत आपली मुद्रा घातली. ती त्या काळची नोंदणीच म्हणावयाची. तरीही तुकोबांचे अभंग सालोमालो आपल्या नांवावर खपवीत असे, अशी कथा परंपरा सांगतेच! स्वतःलाच टपालानें पाकीट धाडून तें न फोडतां जपून ठेवावें, असा एक सल्ला अलीकडे फार ऐकूं येतो. आपल्या कायद्यांत त्या पाकिटास नोंदणीचें मोल कोठेंही दिलेलें नाहीं.

गाणें आपल्या कानास एक वाटतें. कायद्यास तें तीन दिसतें. शब्द ही साहित्यकृति, चाल ही संगीतकृति, आणि मुद्रण ही तिसरीच वस्तु. शब्दांचा धनी कवि, चालीचा संगीतकार, मुद्रणाचा तें करविणारा निर्माता. गायिकेचा आपल्या गायनावरील हक्क याहूनही निराळा. त्यामुळें तुकोबांच्या अभंगास तुम्हीं नवी चाल लाविली तर चाल तुमची, अभंग सर्वांचा. यमन राग सर्वांचा, त्यांत तुम्हीं बांधलेली चीज मात्र तुमची. १९९४ च्या दुरुस्तीपूर्वीं चाल स्वरलिपींत उतरलेली नसेल तर कायदा तिला ओळखीत नसे. ज्या देशांत संगीतविद्या मुखानें चालत आली, तेथें ही अट म्हणजे पोहणाऱ्याकडे होडीचा परवाना मागण्यासारखी होती!

नोंदणीची रीति अवघड नाहीं. चौदा क्रमांकाचा अर्ज दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयाकडे टपालानें किंवा संगणकावरून करावा. प्रत्येक कृतीस स्वतंत्र अर्ज. २०१३ च्या नियमांप्रमाणें शुल्क शब्दांस ५०० रुपये, चालीस ५०० व ध्वनिमुद्रणास २,०००. अर्ज पोंचतांच क्रमांक मिळतो, व पुढें तीस दिवस हरकतींसाठीं वाट पाहिली जाते. शब्द एकाचे व चाल दुसऱ्याची असेल तर संमतिपत्र आधींच घ्यावें. चाल घरच्याच भावोजींची, त्यांना काय विचारावयाचें, असें म्हणूं नये. संमति मागितल्यानें नातें तुटत नाहीं. न मागितल्यानें तुटलेलीं नातीं आम्हीं पाहिलीं आहेत. आमच्या मतें घरच्या प्रत्येक आरतीवर पांचशें रुपये खर्चण्याचें कारण नाहीं. जें गाणें बाजारांत जाणार तेवढें नोंदवावें, बाकीच्यांच्या वह्या तारखेनिशीं नीट ठेवाव्या.

आतां त्या चार पानांकडे वळूं, कारण खरें भय तेथें आहे. नोंदणी नसलेलें गाणें पुराव्यानें परत मिळवितां येतें. सही करून दिलेलें गाणें मिळवितां येत नाहीं. हक्क देण्याचा करार लेखी व सहीचा असावा लागतो. त्यांत कोणती कृति, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशापुरते व मोबदला काय, हें सर्व नमूद असलें पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पांच वर्षांची धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. घेणारानें वर्षभर हक्क वापरलाच नाहीं तर, करारांत अन्यथा म्हटलें नसल्यास, तो परत येतो. म्हणून "सर्व हक्क, सर्व काळ, सर्व जगांत" हे शब्द करारांत कोणी उगाच घालीत नाहीं! ते दिसतांच लेखणी खालीं ठेवावी आणि विक्रीऐवजीं मुदतीचा परवाना देऊं करावा. २०१२ च्या दुरुस्तीनें एक मोठें संरक्षण दिलें आहे. मुद्रित गीताच्या पुढील उपयोगांतून मिळणाऱ्या मानधनाचा समान वाटा कवीस व संगीतकारास सोडून देतां येत नाहीं. तो केवळ वारसांस किंवा लेखक-संगीतकारांच्या हक्कसंस्थेस देतां येतो. अशी संस्था, इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, मुंबईस १९६९ पासून आहे. शिवाय हक्क विकला तरी रचनेवर आपलें नांव असावें, हें मागण्याचा अधिकार रचनाकाराजवळ राहतोच. आमच्या भगिनींनीं अंगाईचे शब्द व चाल दोन्ही नोंदवावीं, करार एखाद्या जाणत्या वकिलास दाखवावा, आणि मगच उत्तर धाडावें. घाई व्यावसायिकास असते, बाळाला नव्हे.

राहिली मुदत. शब्दांवरील व चालीवरील हक्क रचनाकाराच्या हयातीभर व मृत्यूनंतर साठ वर्षें टिकतो. पूर्वीं पन्नास वर्षें असत. रवींद्रनाथ ठाकुरांच्या वाङ्मयावरील हक्क १९९१ अखेर संपूं लागला, तेव्हां दहा वर्षें वाढविलीं. ग. दि. माडगूळकर १९७७ सालीं निवर्तले, सुधीर फडके २००२ सालीं. म्हणजे दोघांनीं मिळून दिलेल्या गीताचे शब्द २०३७ अखेर मोकळे होतील, चाल मात्र २०६२ अखेर. आणि अप्रकाशित रचनांचा नियम आणखीच वेगळा. हक्क शाबूत असतांच रचनाकार निवर्तला व गाणें त्याच्या मागून प्रथम प्रसिद्ध झालें, तर साठ वर्षें त्या प्रसिद्धीपासून मोजावयाचीं. माळ्यावरच्या ट्रंकेंत आत्याबाईंच्या पदांची वही असेल, तर ती रद्दींत घालण्यापूर्वीं त्यांचें मृत्युपत्र एकदां वाचून पाहावें. अप्रकाशित वही ज्याच्या नांवें ठेविली, त्याच्याच नांवें, उलट लिहिलें नसेल तर, तिच्यांतील गाण्यांचा हक्कही जातो.