बेण्याला दाखला हवाच



जून २०१९ मध्ये आपल्यापासून जवळच, अकोट तालुक्यातील अकोली जहांगीर येथे, तणनाशक सोसणारी पण मान्यता नसलेली कपाशी शेतकरी संघटनेने उघडपणे पेरली. गुन्हे दाखल झाले. नवे तंत्र शेतकऱ्याला हवे आहे, हे त्यातून दिसले. पण चोरट्या बियाण्याला ना पावती, ना दाखला. पीक बुडाले तर दाद कोणाकडे मागायची?

आता जनुक-संपादन आले आहे. यात परका जनुक न ठेवता पिकाच्याच जनुकात नेमका बदल करतात. अशा वाणांना केंद्राने ३० मार्च २०२२ रोजी १९८९ च्या नियमांतील कडक मंजुरीतून सूट दिली. मे २०२५ मध्ये भाताचे दोन वाण जाहीरही झाले. उद्या उसाची पाळी येईल.

माझे मत असे की, सूट ठीक, लपवाछपवी नको. कपाशी दरसाल बदलता येते. उसाचे तसे नाही. लागण, मग खोडवा, आणि तेच बेणे शेजाऱ्याच्या रानात! एकदा फसलो की दोन-तीन वर्षे गेलीच म्हणून समजा. बेणे राखण्याचा, देण्याघेण्याचा हक्क २००१ च्या कायद्याने आपल्याला दिला आहे. पेटंटाच्या नावाखाली तो जाता कामा नये.

म्हणून वाण कसा तयार केला आणि मालकी कोणाची, हे दाखल्यावर छापलेच पाहिजे. बिगरदाखल्याचे बेणे बांधाच्या आत घेऊ नका.

— ऊस विकास अधिकारी